हा सर्व्हर कुणाचा?

२७ ऑगस्ट २०२३, रविवार. ॲन आर्बर विद्यार्थ्यांनी फुलून गेलं होतं, कारण मिशिगन विद्यापीठाचं नवं सत्र दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचं होतं. त्या दुपारी विद्यापीठाने आपलं जाळं इंटरनेटपासून स्वतःहून तोडलं. ॲन आर्बर, फ्लिंट आणि डिअरबॉर्न ही तिन्ही संकुलं एकदम बाहेरच्या जगापासून वेगळी झाली. सुरक्षेचा गंभीर धोका दिसल्यामुळे हा निर्णय विचारपूर्वक घेतला आहे, असं विद्यापीठाचे माहिती-तंत्रज्ञान विभागाचे उपाध्यक्ष रवी पेंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांना कळवलं. सोमवारी वर्ग ठरल्याप्रमाणे भरले. कॅनव्हास, झूम, गूगल अशा बाहेर चालणाऱ्या सेवा मोबाइलच्या नेटवर्कवरून उघडत होत्या, मात्र संकुलात इंटरनेट नव्हतं. ते बुधवारी, ३० ऑगस्टला परत आलं. २३ ते २७ ऑगस्ट या काळात कुणीतरी अनधिकृतपणे आत शिरलं होतं आणि विद्यार्थी, माजी विद्यार्थी, देणगीदार, कर्मचारी, रुग्ण यांच्यापैकी काहींची खासगी माहिती त्यांच्या हाती लागली होती, हे ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं.

ही बातमी बहुतेकांनी हल्ल्याची बातमी म्हणून वाचली. आयटी ऑपरेशन्समध्ये आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या लोकांचं लक्ष रविवार आणि बुधवार यांच्या मधल्या दिवसांकडे गेलं. तोडणं हा एक निर्णय असतो, आणि तो घ्यायला धैर्य लागतं. जोडताना मात्र हजार निर्णय घ्यावे लागतात. आधी काय सुरू करायचं? लोकांची ओळख पटवणारी सेवा कोणत्या यंत्रांवर उभी आहे? ती यंत्रं स्वच्छ आहेत हे कोण सांगणार? अमुक प्रयोगशाळेतला सर्व्हर चालू केला तर त्याच्यामागून आणखी काय काय चालू होईल? मोठ्या संस्थेत ही उत्तरं कुणा एकाच्या डोक्यात मावत नाहीत. ती आधीच लिहून ठेवलेली असावी लागतात, खरी असावी लागतात, आणि नेमक्या त्या दिवशी हाताशी असावी लागतात.

पुढची पानं या नोंदींविषयी आहेत. संस्थेकडे कोणती यंत्रं, कोणती सॉफ्टवेअर, कोणती लायसन्स, कोणती प्रमाणपत्रं आहेत, ती कुठे आहेत, कशासाठी आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत आणि कशावर अवलंबून आहेत, याचा हिशेब. कंपन्यांमध्ये त्याला ॲसेट डेटा म्हणतात, आणि तो जिथे ठेवतात त्या कोठाराला सीएमडीबी. विषय रुक्ष वाटतो हे मला माहीत आहे. पण डेट्रॉईट परिसरातल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरं याच कामावर चालतात. गणपतीच्या आरतीत फोन वाजला की बाजूला जाऊन बोलणारा माणूस बहुधा ऑनकॉल असतो, आणि पलीकडून विचारलं जाणारं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं : हा सर्व्हर कुणाचा?

या प्रश्नाला उत्तर का मिळत नाही, याबद्दल माझं एक ठाम मत आहे, आणि सगळं लेखन त्याच मताभोवती उभं आहे. नोंदी खराब होतात त्या सॉफ्टवेअर वाईट असल्यामुळे नव्हे. नोंद न करता काम पुढे जाऊ शकतं, म्हणून त्या खराब होतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. सातबारा हा जमिनीचा उतारा. पण त्याचा जीव असतो गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. विक्री झाली, वारस लागले, बोजा चढला की आधी फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. ज्या बदलामागे पैसा उभा असतो, म्हणजे खरेदीखत किंवा बँकेचं कर्ज, त्याचा फेरफार लोक धावपळ करून घालून घेतात. वारसाची नोंद मात्र राहून जाते. घरातले कसत असतात, पीक येत असतं, अडत काहीच नाही. मग वडील आणि आजोबा जाऊन वर्षं लोटली तरी उताऱ्यावर त्यांचीच नावं राहतात. २०२५ साली महसूल खात्याला मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. कायदा तोच, नमुने तेच, तलाठीही तोच. जिथे नोंदीवाचून अडतं तिथे ती होते, आणि जिथे अडत नाही तिथे मोहिमा काढाव्या लागतात. कंपन्यांच्या सीएमडीबीत मेलेले सर्व्हर असेच वर्षानुवर्षं जिवंत असतात, आणि दर ऑडिटच्या आधी त्यांच्यासाठीही मोहीम निघते.

हाच धडा इंटरनेटच्या इतिहासात आहे, आणि तो ॲन आर्बरमध्येच घडला. मेरिट ही संस्था १९६६ साली मिशिगन विद्यापीठ, मिशिगन स्टेट आणि वेन स्टेट या तीन विद्यापीठांनी मिळून स्थापन केली, ती आपापले मोठे संगणक एकमेकांना जोडण्यासाठी. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने देशभरच्या संशोधन जाळ्याचा कणा, म्हणजे एनएसएफनेट, उभारण्याचं आणि चालवण्याचं काम मेरिटला दिलं. जोडीला आयबीएम आणि एमसीआय होत्या. जुलै १९८८ मध्ये नव्या वेगाच्या तारांवर हे जाळं सुरू झालं आणि त्याचं नियंत्रण ॲन आर्बरमधून चालू लागलं.

मेरिटने त्यासाठी एक डेटाबेस ठेवला होता. कोणतं नेटवर्क कोणत्या प्रादेशिक जाळ्यामार्फत कण्याला जोडलेलं आहे, हे त्यात लिहिलेलं असे. नवं नेटवर्क जोडायचं तर ठरलेल्या नमुन्यात अर्ज पाठवायचा. तो तपासला जाई, डेटाबेसमध्ये चढे, आणि कण्यावरच्या राउटरांची मांडणी या डेटाबेसमधूनच तयार होई. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. इथे नोंद हे कामाचं वर्णन नव्हतं. काम नोंदीतून निघत होतं. ज्याने आपलं नेटवर्क नोंदवलं नाही, त्याची वाहतूक कण्यावरून जातच नसे. त्यामुळे कुणाला आठवण करून द्यावी लागत नसे आणि टक्केवारीचे तक्ते भिंतीवर लावावे लागत नसत. नोंद चुकली तर ज्याची चुकली तोच त्या आठवड्यात फोन करी.

३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचा कणा बंद झाला आणि वाहतूक खासगी कंपन्यांच्या जाळ्यांवर गेली. मेरिटने जुन्या डेटाबेसचा वारसा पुढे चालवला. आरएडीबी नावाची ती नोंदवही आजही मेरिट चालवते आणि जगभरचे नेटवर्क चालक तिचा आधार घेतात. पण आता जोडणी नोंदीवर अवलंबून नव्हती. नोंदवली तर उत्तम, नाही नोंदवली तरी बहुतेक ठिकाणी वाहतूक चालू. परिणाम व्हायचा तोच झाला : जुन्या मालकांच्या, बुडालेल्या कंपन्यांच्या, कुणी कधी घातल्या ते कुणालाच न आठवणाऱ्या नोंदी साचत गेल्या, आणि पत्त्याचा खरा धनी कोण हे सिद्ध करायला आरपीकेआयसारखी वेगळी, सहीशिक्क्याची व्यवस्था जगाला उभी करावी लागली. माणसं त्याच दर्जाची होती, संस्था तीच होती, गावही तेच. फक्त नोंद आणि काम यांची गाठ सुटली होती. या विषयावरचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

ही गाठ पुन्हा मारता येते. ॲन आर्बरमध्येच २०१० साली डग साँग आणि जॉन ओबरहाइड यांनी ड्युओ सिक्युरिटी सुरू केली; २०१८ मध्ये सिस्कोने ती २३५ कोटी डॉलरना घेतली. लॉगिन करताना फोनवर येणारी खात्रीची विचारणा म्हणून ती बहुतेकांना ठाऊक आहे. त्यात एक सोय अशी की लॉगिन करणाऱ्या माणसाबरोबर त्याचं यंत्रही तपासता येतं. यंत्र संस्थेच्या नोंदीत नसेल किंवा त्याची प्रणाली जुनी असेल, तर दार उघडत नाही. ज्या संस्था हा नियम खरोखर लावतात, तिथे लॅपटॉपची यादी आपोआप खरी राहायला लागते, कारण यादीत नसलेल्या माणसाचं काम सकाळी नऊ वाजताच थांबतं.

आता एकेका चुकीकडे येतो. सगळ्या चुकांना सारखं वजन देण्याची गरज मला वाटत नाही.

सर्वांत महाग चूक आहे मालकाच्या रकान्याची. तो रिकामा असतो, किंवा त्यात एखाद्या टीमचा ईमेल पत्ता असतो, किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव. इक्विफॅक्सचं प्रकरण यासाठी पुन्हा पुन्हा वाचावं. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधला गंभीर दोष जाहीर झाला. कंपनीने दोनच दिवसांत चारशेहून अधिक लोकांना ईमेल पाठवून पॅच लावायला सांगितलं. पण ती पाठवायची यादी जुनी होती, आणि ज्यांनी पॅच लावायला हवा होता त्यांच्यापर्यंत तो निरोप पोहोचला नाही. स्ट्रट्स कुठे कुठे वापरलं जातं याची पूर्ण यादी कंपनीकडे नव्हती. शोध घेणारं स्कॅनिंग झालं, त्यातही तो सर्व्हर सापडला नाही. १३ मेपासून चोर आत होते. वाहतुकीवर नजर ठेवणारं एक उपकरण होतं, पण त्याचं प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपलं होतं, त्यामुळे ते आंधळं झालं होतं. २९ जुलैला नवं प्रमाणपत्र बसवलं आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. पॅच उपलब्ध होता, इशारा मिळाला होता, नियम लिहिलेला होता. चुकलेल्या तीनही गोष्टी नोंदीतल्या होत्या : कुणाला कळवायचं, कुठे शोधायचं, प्रमाणपत्र कधी संपतं.

म्हणून माझा आग्रह आहे की मालक म्हणून माणसाचं नाव हवं. टीमचं नाव त्याच्या शेजारी राहू द्या. माणूस कंपनी सोडतो त्या दिवशी त्याचा लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेतात, तसंच त्याच्या नावावरच्या प्रत्येक सर्व्हरला नवा धनी मिळाल्याशिवाय त्याची सुटका होऊ नये. मनुष्यबळ विभागाला हे पटवणं तांत्रिक कामापेक्षा अवघड जातं, पण ते झालं की बाकी निम्मी लढाई सोपी होते.

प्रमाणपत्रांनाही मालमत्ता मानावं, हे अजूनही अनेकांना पटत नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक प्रमाणपत्र संपलं आणि ब्रिटनमध्ये ओटूच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा दिवसभर बंद पडला. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद होतं, तेही याच कारणाने. संपण्याची तारीख प्रमाणपत्रावरच लिहिलेली असते. पाहणारा माणूस ठरलेला नसतो.

दुसरी मोठी चूक : एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिणं. खरेदी विभागाकडे अनुक्रमांक, नेटवर्कवाल्यांकडे आयपी पत्ता, ॲप्लिकेशनच्या टीमकडे त्यांनी ठेवलेलं लाडकं नाव, आणि तिन्ही एकाच यंत्राचे आहेत हे सांगणारं कुणीही नाही. यावरचा उपायही या गावाशी जोडलेला आहे. एडगर कॉड यांनी १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि १९७० मध्ये, आयबीएममध्ये असताना, रिलेशनल मॉडेल मांडलं. आज जगातल्या बहुतेक डेटाबेसखाली तोच पाया आहे. प्रत्येक वस्तूला एक ओळख, आणि प्रत्येक तथ्य एकाच जागी, ही शिस्त त्यांनी गणिताच्या आधाराने मांडली. पन्नास वर्षांनंतरही आपण एक्सेलच्या शीटा ईमेलने फिरवतो आणि प्रत्येक प्रतीत वेगळं उत्तर असतं. कोणती माहिती कोणत्या विभागाची आणि वाद झाला तर कुणाचं खरं धरायचं, हे टूल विकत घेण्याआधी कागदावर ठरवलं पाहिजे.

तिसऱ्या चुकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती हुशार लोक करतात. ते म्हणतात, माणसांवर अवलंबूनच राहायला नको, डिस्कव्हरीचं टूल लावा, ते सगळं शोधून काढेल. या श्रद्धेला आधार आहे. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी झीमॅप हे टूल लिहिलं. एका साध्या संगणकावरून, वेगवान जोडणी असेल तर, संपूर्ण आयपीव्ही४ इंटरनेटवर ४५ मिनिटांच्या आत एक फेरी मारता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी अशा पाहणीला आठवडे आणि महिने लागत. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा कोणते सर्व्हर अजून उघडे आहेत हे जगाला सांगण्यात याच मंडळींचा मोठा वाटा होता. पुढे त्यातून सेन्सिस ही कंपनी ॲन आर्बरमध्येच उभी राहिली, आणि ती आता कंपन्यांना सांगते की तुमच्या नावाने इंटरनेटवर काय काय उघडं आहे. विसरलेला चाचणीचा सर्व्हर किंवा बंद झालेल्या मोहिमेचं संकेतस्थळ अशा पाहणीत पहिल्यांदा दिसतं. मालकाला जे माहीत नाही ते परक्याला ४५ मिनिटांत दिसू शकतं, ही जाणीव प्रत्येक ऑपरेशन्स प्रमुखाला झालीच पाहिजे. अमेरिकी सरकारने २०२२ च्या आदेशाने आपल्या नागरी खात्यांना दर सात दिवसांनी अशी स्वयंचलित मोजणी सक्तीची केली, तेही योग्यच झालं.

पण डिस्कव्हरी सांगते ते इतकंच : इथे एक यंत्र आहे, त्यावर अमुक प्रणाली चालते, अमुक पोर्ट उघडं आहे. ते पगारपत्रकाचं आहे की जेवणाच्या मेन्यूचं, हे तिला कळत नाही. ते बंद केलं तर कुणाचं अडेल, हेही नाही. शिवाय पाहणीच्या वेळी बंद असलेलं यंत्र आणि क्लाउडवर दहा मिनिटं जगलेला सर्व्हर तिच्या हातून निसटतात. टूलने सापडलेल्या गोष्टींची यादी आणि माणसांनी नोंदवलेली यादी एकमेकींसमोर ठेवाव्यात, आणि त्यांतल्या फरकालाच रोजचं काम समजावं. एका यादीने दुसरीला गुपचूप पुसून टाकलं की फरक नाहीसा होतो आणि त्याबरोबर शिकण्याची संधीही.

बदलाची नोंद आणि प्रत्यक्षातली स्थिती यांतल्या फरकाने काय होतं, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दिसलं. नाइट कॅपिटल या कंपनीने आठ सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर घालायचं ठरवलं, ते सातांवर गेलं आणि आठव्यावर जुनंच राहिलं. दुसऱ्या कुणी तपासलं नाही. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं आणि कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व पुढे टिकलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी योजना आखताना कुणी बोलत नाही. नोंदी कुठे ठेवल्या आहेत? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. बहुतेक यंत्रांपाशी माणसाला प्रत्यक्ष जाऊन ती सुरू करावी लागली, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर त्या यंत्राची रिकव्हरी की टाकावी लागली. काही ठिकाणी त्या कींची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोही त्याच वेळी पडलेला होता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक बंद पडलं, तेव्हाही आतली साधनं त्याच जाळ्यावर असल्याने दुरुस्ती करणाऱ्यांचेच हात बांधले गेले. महत्त्वाच्या नोंदींची एक ताजी प्रत वेगळ्या जागी, गरज पडल्यास कागदावर, ठेवावी. हे लिहायला साधं आहे, आणि करायलाही.

बाकीच्या चुका थोडक्यात उरकतो, कारण त्या पहिल्या चुकीतूनच जन्मतात. दोनशे रकान्यांचा फॉर्म बनवू नये. तो भरणारा माणूस तिसऱ्या दिवशी खोटं लिहायला लागतो. नाव, मालक, जागा, काम आणि अवलंबन एवढं खरं असेल तर पुष्कळ झालं. काढून टाकलेल्या यंत्राची नोंद बंद केल्याशिवाय त्याचं तिकीट बंद होऊ नये. आणि ‘९५ टक्के नोंदी पूर्ण’ या आकड्यावर बढत्या देऊ नयेत, कारण पूर्ण नोंद आणि खरी नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत.

पुणे आणि मिशिगन यांच्यामधल्या अंतराबद्दल मात्र मन लावून लिहावंसं वाटतं. उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं हे अंतर. हिंजवडीतली टीम इथल्या रात्री यंत्रं सांभाळते आणि इथली सकाळ झाली की काम सोपवते. पुण्यातली मुलं अनेकदा त्या यंत्रांना कधीच पाहत नाहीत. त्यांच्यासाठी नोंद हेच यंत्र असतं. इथला माणूस शेजारच्या खोलीत जाऊन विचारू शकतो. तिकडे पाळीवर असताना नोंद चुकीची निघाली, तर चुकीचा सर्व्हर बंद केल्याचा ठपका मात्र त्या पोरावर येतो. हे अन्यायाचं आहे, आणि असे ठपके ऐकताना मला नेहमी राग आलेला आहे. नोंद ठेवणाऱ्याने ती आपल्यासाठी नाही, पलीकडच्या अनोळखी सहकाऱ्यासाठी ठेवायची आहे. वेळ लिहिताना कुठली वेळ ते लिहावं. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळं सरकतात तेव्हा याच एका गोष्टीवरून किती तास वाया जातात, हे दोन्हीकडच्यांना माहीत आहे.

पुढच्या प्रकरणांत कोणत्याही एका कंपनीचं टूल शिकवलेलं नाही. पहिली तीन प्रकरणं मालकी, ओळख आणि अवलंबन यांची आहेत, आणि ती क्रमाने वाचावीत. प्रमाणपत्रं, लायसन्स, क्लाउड यांची प्रकरणं स्वतंत्र आहेत. नव्याने व्यवस्थापक झालेल्यांनी मनुष्यबळ आणि खरेदी विभागांबरोबर कसं बोलावं, यावरचं प्रकरण त्यांनी कृपया वगळू नये. आणि ज्यांची आज रात्री पाळी आहे, त्यांनी हँडओव्हरच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल; त्याच्या शेवटी एका पानाचा नमुना दिला आहे, तो तसाच वापरता येईल.